एकच खिळा

पंकजाला घर जाणतं करायचं होतं. जाणतं हा शब्द तिचाच. लोक मोठं घर म्हणतात, टापटीप घर म्हणतात. ही म्हणायची, आत पाऊल टाकल्यावर वाटलं पाहिजे की इथं कुणीतरी जाणतं माणूस राहतं. चाळिशी उलटली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवून घसा बसला होता, नाही नाही ते सर्व्हे करून टाचा झिजल्या होत्या. शाळेतून आल्यावर डोळे टेकायला एक शांत भिंत असावी, एवढंच तिचं मागणं होतं. ते काही जगावेगळं नव्हतं. पण सोनईतल्या तिच्या नव्या घराच्या त्या भिंतीवर अकरा घड्याळं होती.

माघात वास्तुशांती झाली आणि पाहुण्यांनी आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे घड्याळं आणली. वास्तुशांतीला घड्याळ द्यायचं ही अक्कल पहिल्यांदा कुणाला सुचली कोण जाणे, त्याला एकदा या हॉलमध्ये दिवसभर बसवायला हवा होता. एक मोराचं, एक बदामाच्या आकाराचं, एकात धबधबा, एकात डुलणारी बाहुली. प्रत्येकाच्या काचेवर लाल अक्षरांत ‘सप्रेम भेट’ आणि खाली देणाऱ्याचं नाव, गावासकट. वेळ मात्र प्रत्येकाची वेगळी. पंकजाचा नवरा मच्छिंद्र म्हणायचा, "पाहुण्यांचं कधी एकमत होतं का? मग घड्याळांचं कसं होईल?" एवढं बोलून तो कारखान्यावर ड्युटीला निघून जायचा. त्याला काय, त्याला भिंत कुठली नि दार कुठलं हे विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

होळीच्या आसपास पंकजाने मन घट्ट केलं. अकराही घड्याळं उतरवली, खिळे उपटले, भोकांत पुट्टी भरून घेतली आणि ठेकेदाराने दिलेल्या पोपटी रंगावर ताकाच्या रंगाचे दोन हात मारून घेतले. रंगाचं कार्ड घेऊन ती आठ दिवस उन्हात, सावलीत, ट्यूबखाली उभी राहिली होती. काम झाल्यावर ती सोफ्यावर बसली आणि बराच वेळ नुसती भिंतीकडे बघत राहिली. तिला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी नणंद लंकाबाई आली. चहाचा कप हातात घेतला आणि भिंतीवरून नजर फिरवली, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून.

"आमचं बंद पडलं व्हय गं वयनी?" तिने विचारलं.

पंकजा काहीतरी पुटपुटली. लंकाबाईने कप तसाच खाली ठेवला आणि जेवणाला न थांबता ती गेली. सासूबाई, म्हणजे मुक्ताबाई, दोन दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पावना च्या पितो, पन डोळा त्याचा भितीवर आसतो. मान्साचं नाव काढून खोक्यात घातलंस तू."

भांडायचं त्राण पंकजात नव्हतं. शेवटी तडजोड ठरली. भिंतीत एकच खिळा ठोकायचा. जो पाहुणा येणार, त्याचं घड्याळ त्या दिवसापुरतं लावायचं. बाकीची दिवाणात. झालं, मुक्ताबाईंना कामच मिळालं. कुणाचा फोन आला की त्या आतूनच ओरडायच्या, "पंकजा, धबधबा काढ, बाव्हली लाव!" आणि शाळेतून नुकतीच आलेली पंकजा पर्स खांद्यावर तशीच ठेवून स्टुलावर चढायची. जाणतं घर राहिलं बाजूला, हॉलची धर्मशाळा झाली. एकदा तर बदामाच्या जागी मोर लागला आणि मुक्ताबाईंच्या भावाने, कल्याणमामाने, चहात साखर कमी आहे म्हणून सगळा राग काढला.

चैत्रातल्या एका रविवारी सकाळी पंकजाच्या वडिलांचा, सहादेवांचा, फोन आला. त्यांची टोळी कोपरगावकडची ऊसतोड संपवून गावाकडे, पाथर्डीच्या बाजूला परत निघाली होती. "टरक घोडेगावात टायरसाटी थांबनार हाय. तवर तासभर यिऊन जातो बाई. घर बगितलंच न्हाई म्या तुजं."

खरंच बघितलं नव्हतं. वास्तुशांती भर हंगामात पडली, तेव्हा ते फडात होते. गावातल्या कुणाजवळ तरी एक खोकं पाठवलं होतं. भिंतीवर जागा उरली नव्हती म्हणून ते कुणी उघडलंसुद्धा नव्हतं. पंकजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दिवाण उपसला आणि तळातलं ते खोकं काढून सुतळी तोडली.

घड्याळ सोनेरी प्लास्टिकचं होतं, वर दोन राघू. काचेवर ‘सप्रेम भेट’ आणि त्याखाली ‘पंकजा सहादेव’.

"काय लिव्हलंय?" मुक्ताबाईंनी विचारलं. पंकजाने वाचून दाखवलं. मुक्ताबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "आगं, सोताच सोताला भेट? आता चार मान्सात हे लावायचं व्हय? लंकीचं लाव. तुज्या बापाला कुठं वाचाया येतंय!"

पंकजाचे कान तापले. सासूचं म्हणणं सोयीचं होतं, आणि तेच तिला सोसेना. तिने राघूंचं घड्याळ खिळ्याला अडकवलं आणि चहाचं आधण ठेवलं.

सहादेव आले. चपला पायरीच्याही खाली काढल्या. फरशी बघितली, पंखा बघितला, मग भिंतीसमोर उभे राहिले. राघू ओळखून त्यांचा चेहरा उजळला. मुक्ताबाईंना काही राहवलं नाही.

"पाव्हणं, तुमी तर लेकीला तिचीच भेट दिली की!"

"मंजी?"

"आवो, देनाऱ्याचं नाव टाकत्यात त्येच्यावर. तुमी पंकजाचं टाकलं."

सहादेव ओशाळले. म्हणाले, "आमाला काय ठावं? दुकानदार म्हनला, नाव काय टाकू? म्या म्हनलं, जिचं हाय तिचंच टाक. आमच्या तळावर पाचटाच्या शंबर कोप्या. हंडा म्हना, कळशी म्हना, ज्याचं त्याचं नाव घालून घ्यावं लागतं. न्हाई तर कुनीबी उचलून न्हेतंय." त्यांनी पंकजाकडे पाहिलं. "चुकलं आसंल तर पुसून टाक बाई."

पंकजाने नाही म्हणून मान हलवली. चहा होतो न होतो तोच टोळीबरोबरच्या तिच्या भावाचा फोन आला, टायर बसलं होतं. सहादेवांनी बशीत ओतून चहा संपवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फाट्याकडे निघून गेले. गुऱ्हाळासारखा गोडसर वास त्यांच्या सदऱ्याला होता, तो ते गेल्यावरही हॉलमध्ये राहिला.

पंकजा सोफ्यावर बसली आणि तिला रडू कोसळलं. दारावरच्या ग्रॅनाइटच्या पाटीवर मच्छिंद्रचं नाव होतं. जुन्याच मीटरच्या वीजबिलावर वारलेल्या सासऱ्यांचं. पितळी समईवर लंकाबाईचं, स्टीलच्या पिंपावर कल्याणमामाचं. रंग तिने निवडला, भोकं तिने बुजवली, स्टुलावर तीच चढली आणि उतरली, महिनाभर. पण हे तुझं आहे, असं या घरातल्या एकाही वस्तूवर कुणी लिहून दिलं नव्हतं. घड्याळ दिसायला अगदी भिकार होतं. ताकाच्या रंगावर ते सोनेरी राघू डोळ्यांत खुपत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

दुपारी मुक्ताबाई मोबाईल हातात घेऊन बाहेर आल्या. "कल्यान निगालाय, चार वाजंस्तवर पोचंल. ऊठ, काढ ते. बदाम लाव." त्यांनी बदामाचं घड्याळ पदराने पुसतच आणलं होतं.

पंकजा उठली नाही.

"आगं ऊठ की! मागल्या टायमाला बी त्याचं न्हवतं लावलं. काय म्हनंल तो?"

"म्हणू द्या."

"आनि हे?" मुक्ताबाईंनी बदाम पुढे केला.

"तुमच्या खोलीत लावा, मी खिळा ठोकून देते. हे राहू द्या, आत्या. त्यावर माझं नाव आहे."