थोडीशी साखर

प्लकरच्या टोकात एक केस अडकून राहिला होता, आखूड, जाड, मुळाशी पांढरा. नीलांबरी त्याच्याकडे बघत बाथरूमच्या दारातच थांबली. खिडकीच्या कट्ट्यावर आईचा लहान आरसा, शेजारी हा प्लकर. विसरून गेली होती बहुतेक. नागपूरला असताना काय किंवा इथे अमेरिकेत, कॅरीला आल्यावर काय, आई हनुवटीवरचे केस सकाळच्या उन्हातच काढायची, दार लावून. नीलांबरीचा प्लकर गाडीत असायचा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, डोक्यावरचा आरसा खाली ओढून, कुणी येत नाहीये ना बघत… एका घरात दोघी, आणि दोघींनी एकमेकींना हे करताना कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं, की पाहिलं नाही असं ठरवलं होतं?

"नीलू, खिचडी निवतेय गं!"

सोमवार. आईचे सोळा सोमवार चालू होते, नीलूची कूस उजवावी म्हणून. हे कुणी बोलत नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. साबुदाणा, बटाटा, वर साखर पेरलेलं दही.

"आई, हा उपास आहे की फेस्टिव्हल, यार?" शंतनूने उभ्याउभ्याच घास घेतला. "एकादशी, दुप्पट खाशी."

"हसा तुम्ही शंतनूराव. डबा कुणी मागितला होता मग?"

तो डबा घेऊन, हसत गेला. गॅरेजचं दार बंद झालं.

साबुदाण्याचे फुगलेले दाणे बशीत चमकत होते आणि नीलांबरीला नको असताना तो पडदा आठवला. सोनोग्राफीच्या खोलीतला, करडा. अंडाशयाच्या कडेने दाटीवाटीने बसलेले बारीक काळे दाणे. दर महिन्याला एकाने पिकून बाहेर पडायचं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुमच्यात ते अर्धवट वाढतात आणि तिथेच थांबतात. पीसीओएस. त्या बाईंनी आधी तिच्या मानेकडे पाहिलं होतं, मागच्या काळपट पट्ट्याकडे, आणि तेवढ्यावरूनच त्यांना निम्मं कळलं होतं. शरीरात इन्सुलिन वाढतं, त्याची खूण असते ती. नुसता मूल होण्याचा प्रश्न नाही, पुढे मधुमेहाला जपायचं, हृदयाला जपायचं. घरात कुणाला हा त्रास आहे? – नाही, ती म्हणाली होती, इतक्या चटकन, की स्वतःलाच नवल वाटलं.

मान. तेराव्या-चौदाव्या वर्षी आई मोरीत बसवून घासायची. बेसन, लिंबू, मग नारळाची शेंडी. मान लाल व्हायची, पट्टा तसाच. 'नीट आंघोळ करत नाही कार्टी,' आजी ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, 'आई तशी लेक.' आणि आई आणखी जोरात घासायची. तिच्या स्वतःच्या मानेवर पदर असायचा, उन्हाळ्यातसुद्धा. मी तेव्हा आईवर चिडायचे. आजीवर चिडायला हवं होतं का? पण आजीलाही कुणी सांगितलं होतं की हा मळ नव्हे…

आई खाता खाता गोळी शोधत होती. मागच्या महिन्यात तिला कपाटात नीलांबरीची बाटली सापडली होती. चष्मा लावून तिने लेबल अक्षर अक्षर वाचलं होतं.

"ही तर माझीच गोळी. तुला पण साखर?"

"हो. थोडीशी."

पीसीओएसलाही तीच गोळी देतात, हे नीलांबरीने सांगितलं नव्हतं. साखर हा शब्द स्वयंपाकघरात, दार उघडं ठेवून बोलता येत होता. मग आईने बाटली जागेवर ठेवली होती. नंतर म्हणाली होती, "माझंच आलं तुला." त्या 'माझंच'मध्ये काय काय होतं, कोण जाणे. नीलूच्या जन्माआधीची अकरा वर्षं आईने लोकांच्या ओट्या भरताना मागे उभं राहून काढली होती. चार-चार महिने पाळी नाही, मग दहा दिवस थांबत नाही, असं आईला एकदा मावशीशी कुजबुजताना नीलांबरीने ऐकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा हेच आठवायला हवं होतं.

"आई…"

"काय गं?"

"काही नाही. दही छान लागलंय."

"अजून घे. वाळलीयेस," आई म्हणाली, जे खरं नव्हतं, आणि दोघींना ते ठाऊक होतं. संध्याकाळी सांगू, तिने किल्ल्या उचलताना ठरवलं. संध्याकाळी मीटिंग लांबली. आई सोफ्यावर पेंगत होती, तिला उठवावंसं वाटलं नाही.

मंगळवारी आई उठलीच नाही. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. बाबांना व्हिसा वेळेत मिळाला नाही. दहन इथेच झालं, मशीनचं बटण शंतनूने दाबलं.

रविवारी बाबांचा फोन आला. आवाज स्वच्छ येत होता, शेजारच्या खोलीतून यावा तसा.

"उपास करू नको म्हणत होतो मी तिला, साखर आहे तर. ऐकलं कधी तिनं?" ते थांबले. "मनाला लावून घेतलं होतं, नीलू. इथून निघतानाही मला म्हणाली, माझ्यातच काहीतरी कमी होतं, तेच पोरीच्या वाट्याला गेलं."

निघताना. म्हणजे गोळ्यांची बाटली दिसायच्या आधीच. म्हणजे आईने 'साखर' ऐकून घेतली होती, मानली नव्हती… तिची सोय म्हणून, माझी सोय म्हणून. नीलांबरीला वाटलं, आपल्या छातीत इतके दिवस आईच्याच पद्धतीने पदर ओढून काहीतरी बसलं आहे, आणि आता ते उठून उभं राहिलं आहे.

"बाबा, मला पाळी येत नाही. महिनोन्‌महिने येत नाही."

पलीकडे खाकरल्याचा आवाज. "शंतनू आहे का तिथे? त्याच्याकडे दे बघू फोन."

"नाही. तुम्हीच ऐका." तिचा आवाज चढला होता, स्वयंपाकघरातून शंतनू दारात येऊन उभा राहिला, तरी तिने तो खाली आणला नाही. "हा आजार आहे. त्याला नाव आहे. आईला पण तोच असणार, आता कुणी तपासू शकणार नाही, पण मला दिसतंय. म्हणून अकरा वर्षं लागली. तिचं काही चुकलं नव्हतं. कमी नव्हतं तिच्यात काही, बाबा. ऐकताय ना? काही कमी नव्हतं."