अकरांतले त्रेचाळीस

साहेबांच्या स्वीय सहायकाला सगळे टाचणी म्हणत. शर्टाच्या कॉलरखाली तो कायम पाच-सहा टाचण्या खोचून ठेवी, हे त्याचं एक कारण. दुसरं असं, की साहेबांच्या आमदारकीचे सुटे कागद तीस वर्षं त्यानेच एकत्र धरून ठेवले होते. साहेब आठ निवडणुका लढले, पाच जिंकले, तीन हरले. तिसऱ्यांदा हरले तेव्हा साहेब माजी झाले, पण टाचणी काही माजी झाला नाही. साहेब पुन्हा निवडून येईपर्यंत पाच वर्षं तो सकाळी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि संध्याकाळी येऊन साहेबांची पत्रं टाइप करून द्यायचा. कुणी छेडलंच तर म्हणायचा, "साहेब पडलेत. टाइपरायटर पडलेला नाही."

यंदा मात्र साहेबांनी उभं राहायचं नाही असं ठरवलं. निर्णय गुडघ्यांचा होता. सभागृहात ठरावाला पाठिंबा द्यायचा तर उठून उभं राहावं लागतं, आणि अलीकडे साहेब पुरते उठेपर्यंत ठराव मंजूर होऊन गेलेला असे. गावाने निरोपाचा समारंभ ठरवला, नगरभवन ठरवलं, तारीख ठरवली. त्याच आठवड्यात विधिमंडळाच्या कचेरीतून परिचयग्रंथाचा फॉर्म आला. जन्म, शिक्षण, भूषवलेली पदं, छंद. छंदाच्या रकान्यात टाचणीने सवयीने 'वाचन' लिहिलं. पाच वेळा तेच लिहिलं होतं. खरं म्हणजे साहेब मतदार यादीशिवाय काही वाचत नसत, पण ती मात्र कादंबरीसारखी वाचत. कोण गेलं, कोण नवं आलं, कोणाची लेक कोणत्या घरात पडली, म्हणून मध्येच हळहळत.

शेवटचा रकाना यंदा नवा होता, 'लढवलेल्या निवडणुका व मिळालेली मते'. पहिल्याच ओळीशी टाचणीचं पेन थांबलं.

ती पहिली निवडणूक गावात सगळ्यांना पाठ होती. तेव्हा साहेब साहेब नव्हते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दवाखान्यापुढच्या रस्त्यावर दिवा नाही, म्हणून ते अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं शिडी. निकाल लागल्यावर लोक म्हणाले, शिडी घेऊन आला आणि चढायलाच विसरला. मतं पडली अकरा.

पुढच्या निवडणुकीत ते जरा बरे हरले. त्यापुढच्या वेळी, पहिलीनंतर दहा वर्षांनी, त्यांनी भर सभेत ते अकरा काढले. म्हणाले, "मी जिंकलो तर तो विजय त्या अकराजणांचा. कोण होते ते मला माहीत नाही. भेटले तर पाया पडेन." सभा गहिवरली, साहेब निवडून आले आणि दुसऱ्या दिवसापासून अकराजण यायला लागले.

पहिला आला तो एकोणतीस वर्षांचा, बेकार, टायपिंगची परीक्षा पास झालेला एक पोरगेला माणूस. दारातच म्हणाला, "साहेब, मी त्या अकरांतला." साहेबांनी त्याच्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं, त्याच्या हातातला अर्ज घेऊन वाचला आणि मग विचारलं, "मिनिटाला शब्द किती?" तोच टाचणी.

मग शिंपी आला. त्याला दुकानापुढे गटार बंदिस्त करून हवं होतं. मग एक निवृत्त पोस्टमन, मग दाई, मग दोघे सख्खे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नसत पण अकरांत मात्र दोघेही होते. साहेबांनी कोणालाही कधी परत पाठवलं नाही. पत्र दिलं, फोन केला, जमेल तिथे स्वतः गेले. टाचणीने 'अकरा' नावाची वेगळी फाईल केली होती. तिच्यात आता त्रेचाळीस नावं होती.

"टाचणी," साहेब सोमवारी म्हणाले होते, "निरोपाला पहिल्या रांगेत मंत्री नकोत. अकरा खुर्च्या मांड. खरे अकरा शोधून काढ. जुन्या याद्या आहेत, बूथवार निकाल आहेत, बघ काय ताळमेळ लागतो ते. आणि पहिली खुर्ची तुझी."

टाचणीने मान डोलावली आणि बाहेर येऊन तो पाणी प्याला. तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं. पहिल्या निवडणुकीच्या वेळी टाचणी एकोणीस वर्षांचा होता.

तीस वर्षांत ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. सुरुवातीला नोकरी जाईल म्हणून, मग लाज वाटली म्हणून, आणि पुढे पुढे तर त्याला स्वतःलाच ते मतदान आठवायला लागलं होतं, रांग, शाईचा वास, समोरच्या म्हातारीची काठी. साहेब त्याच्यावर डोळे मिटून विसंबत. कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ठेवत. पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणत, "हा माझा पहिला मतदार." त्या वेळी टाचणीला कॉलरखालची एखादी टाचणी हमखास टोचे.

निवडणूक कार्यालयाची अभिलेखाची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली होती. तिथल्या रेकॉर्डबाई त्याला वर्षानुवर्षं ओळखत होत्या. त्यांनी शिडीवर चढून लाल फितीतलं बासन काढलं, फडक्याने झटकलं आणि म्हणाल्या की चाळीस वर्षांत हे मागणारे तुम्ही दुसरे. पहिला कोण, ते काही त्यांना सांगता येईना. त्यांच्या आधीच्या बाईंनी तसं सांगून ठेवलं होतं.

टाचणी त्रेचाळीसांची फाईल शेजारी ठेवून बसला. मनाशी त्याने ठरवलं होतं: खोटे बत्तीस स्वतःच्या हाताने कापायचे, आणि त्यांत पहिलं नाव आपलं. दुसऱ्या कोणी पकडण्याआधी आपणच सांगून मोकळं झालेलं बरं. त्याने शिडीचा रकाना शोधला आणि बोट खाली नेत गेला. बूथ एक, शून्य. बूथ दोन, शून्य. शिंप्याच्या वाडीत शून्य. पोस्टमनच्या पेठेत शून्य. भाऊ-भाऊ ज्या शाळेत मत देतात तिथे शून्य. बोट असं शून्यांवरून घसरत घसरत शेवटून तिसऱ्या बूथवर अडकलं. साहेबांच्या गल्लीच्या टोकाची प्राथमिक शाळा. तिथे सात.

पुढे पुन्हा शून्य, शून्य. एकूण, सात.

टाचणीने पहिल्यापासून पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. रेकॉर्डबाईंनी विचारलं, काही कमी पडतंय का? तो म्हणाला, "चार पडतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो साहेबांच्या घरच्या कचेरीत गेला. साहेब खालचे खण उपसत बसले होते. एका खणात नुसती पेनांची टोपणं निघाली होती आणि ती कोणत्या पेनांची, याचा ते मन लावून विचार करत होते. टाचणी न बसता उभाच राहिला. घरून तो मोठं भाषण जुळवून आला होता. त्यातलं एकच वाक्य बाहेर पडलं.

"साहेब, माझं नाव काढायला हवं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो."

साहेबांनी एक टोपण एका पेनावर बसवून पाहिलं. बसलं नाही.

"अर्जावर जन्मतारीख लिहिली होतीस की," ते म्हणाले. "मी चष्मेवाला. बारीक अक्षर वाचणं हा धंदाच माझा."

तीस वर्षं जी गोष्ट टाचणी पोटात घेऊन फिरत होता, ती साहेबांच्या खणात टोपणांच्या शेजारी पडून होती. त्याला हायसं वाटावं की राग यावा, हे ठरेना. मग त्याला बासन आठवलं.

"पण तेवढंच नाही," तो म्हणाला. "रेकॉर्डला अकरा नाहीत."

"किती आहेत?"

"सात."

"नीट मोजलीस?"

"तीनदा."

"मीसुद्धा तीनदाच मोजली होती," साहेब म्हणाले. "बस आता. उभ्या माणसाशी बोलायचं तर मान दुखते."

टाचणी बसला. साहेबांनी मग जे सांगितलं, ते ऐकताना त्यांच्या आवाजात सभेतला गहिवर नव्हता. चष्म्याच्या काचा पुसताना माणूस बोलतो तसे ते बोलत होते. निकालाच्या दिवशी सात ऐकल्यावर ते दुकानात येऊन बसले होते. गिऱ्हाईक आलं, त्याने विचारलं, किती पडली? तोंडातून निघून गेलं, अकरा. का, तर सात म्हटलं की समोरचा लगेच घरातली माणसं मोजायला लागतो. अकरा म्हटलं की वाटतं, चार तरी बाहेरची असतील.

"ती चार माणसं मी मनाने उभी केली होती बघ," साहेब म्हणाले. "दहा वर्षं ती माझ्यासोबत होती. आणि मग तू दारात आलास. मी म्हटलं, चला, एक भरला. तीन राहिले."

टाचणी कॉलरखालच्या टाचण्या चाचपत राहिला.

"आणि बाकीचे?" त्याने शेवटी विचारलं. "बेचाळीस आले साहेब. सगळे खोटे, हे तुम्हाला ठाऊक होतं. सगळ्यांची कामं केलीत."

"आता त्यांना खोटं म्हणू कोणत्या तोंडाने? थाप माझी. ते बिचारे साक्ष द्यायला आले होते. शिवाय असं बघ, जिंकलेल्याला मत दिलं म्हणून सांगणारे पैशाला पासरी मिळतात. हरलेल्याला दिलं म्हणून खोटं बोलायचं, त्याला जरा तरी माया लागते."

एवढ्यात वहिनी, म्हणजे साहेबांची बायको, चहा घेऊन आल्या. त्यांनी शेवटची दोन वाक्यं ऐकली असावीत, कारण कप ठेवता ठेवता त्या म्हणाल्या की घरातले मतदार तेव्हा नऊ होते, हेही सांगा भाऊजींना. साहेब गोरेमोरे झाले. नवांतून सात. एक मत वडिलांचं गेलं होतं. त्यांनी तर अंगणात उभं राहून जाहीरच केलं होतं, की पोरगा चष्मे बरे करतो, त्याला तेच करू द्या. राहिलं एक. त्या एकाचा तपास साहेब चाळीस वर्षं करत होते.

"तुला तरी सांगतील, विचारून बघ," साहेब टाचणीला म्हणाले.

"मतदान गुप्त असतं," वहिनी म्हणाल्या, आणि टोपणांचा ढीग एका हाताने केराच्या टोपलीत लोटून आत गेल्या.

टाचणीने फॉर्म पुढे सरकवला. पहिल्या ओळीपाशी पेन धरून विचारलं, काय लिहू? साहेबांनी कप खाली ठेवला, फॉर्म स्वतःकडे ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: पहिली निवडणूक, पराभूत, मते सात. मग जरा विचार करून वरच्या रकान्यातलं 'वाचन' खोडलं आणि तिथे 'मतदार यादी' लिहिलं. म्हणाले, चुका दुरुस्त करायच्याच तर सगळ्या एकदम करू.

"मग खुर्च्या?" टाचणीने विचारलं.

"त्रेचाळीस मांड. आणि पहिली तुझी, हे सोमवारीच ठरलंय."

समारंभाच्या दिवशी नगरभवनात पहिल्या चार रांगा राखीव होत्या. मंत्री पाचव्या रांगेत बसले आणि पुढे कोण मोठी माणसं बसली आहेत म्हणून माना उंचावून पाहत राहिले. पुढे शिंपी होता, पोस्टमन होता, दाई होती, एकमेकांकडे पाठ करता येत नाही म्हणून दोघे भाऊ तिरके बसले होते. टाचणी पहिल्या खुर्चीवर अर्धाच टेकला होता. तीस वर्षांत साहेबांच्या कार्यक्रमात तो कधी बसलेला नव्हता.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर साहेब उठले. उठायला वेळ लागला, पण या वेळी सभागृह थांबलं. त्यांनी पाच विजयांबद्दल एक वाक्य सांगितलं आणि तीन पराभवांबद्दल दहा. मग म्हणाले की आयुष्यभर मी तुम्हाला एक आकडा चुकीचा सांगत आलो. पहिल्या निवडणुकीत मला अकरा मतं नव्हती. सात होती. विधिमंडळाच्या पुस्तकात आता खरा आकडा छापला जाईल.

ती सात कोणाची, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

टाचणीने हळूच मागे पाहिलं. त्याला वाटलं होतं, माना खाली जातील, एखादा तरी उठून मागे जाईल. चारही रांगांतून कोणी हललं नाही. त्रेचाळीस चेहरे साहेबांकडे समाधानाने पाहत होते. मग दाईने टाळी वाजवली आणि सगळ्या नगरभवनाने ती उचलून धरली.

टाळ्यांच्या गदारोळात शेजारचा शिंपी टाचणीच्या कानाशी वाकला.

"मला कायम वाटायचं, अकरा जरा जास्तच होतात," तो म्हणाला. "आम्ही सातच होतो."

आणि त्याने बोटं उघडून मोजायला सुरुवात केली. "एक तुम्ही..."

व्यासपीठावरून साहेब टाचणीकडेच पाहत होते, चष्म्याच्या वरून. टाचणी खुर्चीत मागे सरकून नीट टेकून बसला आणि म्हणाला, "हां. पुढे?"