पाणी डाव्या हाताला

भावोजींकडून एका पत्राचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. राहून गेलं, हे आपलं म्हणायला. विसरलेलं काम राहून जातं. हे पत्र तर त्यांना दात घासताना, दिवा मालवताना, भाजी चिरताना आठवायचं. बारा-तेरा वर्षं ते जाड शब्दकोशाच्या पानांत दाबून ठेवलेलं होतं आणि त्यातलं अक्षर न् अक्षर त्यांना पाठ होतं.

पत्र एका बसचालकाचं होतं. लिहिलं होतं असं:

'आपल्या पुस्तकातल्या सगळ्या वाटा आम्ही नवरा-बायको चाललो. रविवारी मला सुट्टी असते. नववी वाट मात्र काही केल्या जमत नाही. चर्चपासून पुढे पाणी उजव्या हाताला ठेवून चाला, असं आपण लिहिलंय. त्यासाठी पूल ओलांडावा लागतो, आणि पूल ओलांडला की थोड्याच वेळात आम्ही गुडघाभर चिखलात. मी बस चालवतो, मला डावं-उजवं कळतं. माझं म्हणणं, पुस्तक चुकलंय. हिचं म्हणणं, छापलेलं कसं चुकेल, तुम्हीच चुकलात. आपलं उत्तर येईपर्यंत सकाळचा चहा मी करायचा, असं ठरलंय. तेव्हा लवकर लिहावं, ही विनंती.'

एवढं साधं पत्र. दुसरा कोणी असता तर हसून त्याच दिवशी दोन ओळी खरडून मोकळा झाला असता. पण भावोजींचं तसं नव्हतं.

'भावोजी' हे नाव त्यांच्या मेहुणीने, धाकटीने, दिलेलं. तिची ताई त्यांची बायको. आपणही त्यांना भावोजीच म्हणू, कारण आता त्यांना हाक मारणारं तेवढंच माणूस उरलं होतं. नोकरीत असताना छापखान्यात त्यांना 'काना-मात्रा' म्हणत. छापायला जाणारा प्रत्येक मजकूर तपासायचा, हे त्यांचं काम. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि त्या काढताना प्रत्येक वेळी माफी मागितली. 'मला वाटतं, इथे बहुधा अनुस्वार हवा असावा, पण आपण एकदा बघून घ्या,' असं ते समासात इतक्या बारीक अक्षरात लिहीत, की लेखकाला भिंग घ्यावं लागे.

आणि या माणसाने एक पुस्तक लिहिलं होतं. 'निवांत वाटा'. खिशात मावेल एवढं. ज्यांना डोंगर चढवत नाही पण घरातही बसवत नाही, अशा माणसांसाठी. कालव्याच्या काठाकाठाने, दोन-चार गावांच्या अंगणांवरून, एखाद्या जुन्या चर्चच्या सावलीत टेकून संध्याकाळच्या आत घरी परत.

पुस्तकावर नाव एकट्या भावोजींचं होतं. 'माझं नाव छापलंत तर मी पुन्हा चालायला येणार नाही,' असं ताईने बजावलं होतं. खरं तर पुस्तक तिचंच. ती पुढे चालायची, हे मागून. सांगण्यासारखं काही दिसलं की ती गर्रकन वळायची आणि त्यांच्याकडे तोंड करून, पाठमोरी चालत बोलायला लागायची. 'लिहा. इथून कालव्याचं पाणी अडवणारे दरवाजे लागतात. दरवाजांपाशी राहणारी बाई बोलकी आहे, पण वेळ विचारू नका, घड्याळाचा सगळा इतिहास सांगते.' भावोजी चालता चालता पेन्सिलीने उतरवून घेत. ती त्यांच्याकडे तोंड करून असल्यामुळे तिचं उजवं ते यांचं डावं. ती म्हणायची, 'उजवीकडे चक्की,' आणि यांचा हात आपोआप लिहायचा, 'डावीकडे चक्की.' पहिल्या एक-दोन वाटांवर विचार करावा लागला. पुढे हाताला वळणच पडलं.

एकदा ती अशीच उलटी चालता चालता कोणाच्या तरी वाळत घातलेल्या धुण्यात शिरली आणि ओल्या चादरीच्या आतून बोलत राहिली. 'लिहिताय ना?' चादर विचारत होती. भावोजी लिहीत होते.

काय दिवस होते ते. आठवड्यातले सहा दिवस शाईचा वास, आणि सातव्या दिवशी हे. तिला चर्चच्या आतलं फारसं काही नको असायचं. तिला बाहेरच्या गोष्टी आवडत: घंटेच्या कमानीत घरटं केलेली पाकोळी, पावसापाण्याने नाक झिजलेले दगडी संत, वर्षानुवर्षं टेकून टेकून गुळगुळीत झालेला उंबरठा. 'या संताला सर्दी झालीय,' ती एकदा म्हणाली. ते वाक्य पुस्तकात घ्यायची भावोजींची छाती झाली नाही. पुढे कितीतरी वेळा त्यांना वाटलं, घ्यायला हवं होतं.

नवव्या वाटेच्या दिवशी मात्र ताई दमली. अर्ध्या वाटेवर, चर्चपाशीच बसली. 'पुढचं मी गेल्या आठवड्यात धाकटीबरोबर चालून आलेय,' ती म्हणाली. 'तोंडी सांगते, तुम्ही लिहा. आज इथूनच परत जाऊ.' भावोजींनी लिहून घेतलं. पुस्तक छापून झालं. आणि त्याच वर्षाअखेरीस ताईने साखरेच्या डब्यात मीठ भरलं, मग चपला कपाटात घडी करून ठेवल्या, मग एक दिवस भावोजींना विचारलं, 'आपण कोणाकडे आलात?'

ते पत्र आलं ते त्याच दिवसांत. भावोजी ते दाराशी उभे राहून वाचत होते आणि आत ताई एकच रुमाल पुन्हा पुन्हा घडी घालत होती. त्यांच्या मनात आलं: म्हणजे हे तेव्हाच सुरू झालं होतं. त्या दिवशी तिने डावं-उजवं उलटं सांगितलं, आणि आपल्याला कळलं नाही. ज्याच्या नजरेतून एक टिंब सुटत नव्हतं, त्याच्या शेजारी बसून बायको विसरायला लागली होती आणि हा खाली मान घालून लिहीत होता. तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर?

'पुस्तक चुकलंय' असं बसचालकाला कळवायचं, म्हणजे हे कागदावर कबूल करायचं. भावोजींनी पत्र शब्दकोशात ठेवलं. ताई गेली. पत्र तिथेच राहिलं.

या वसंतात धाकटी आली ती पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागली. धाकटी म्हणजे ताईची बहीण. वय सत्तरीला टेकलं तरी नाव धाकटीच. सगळा जन्म तिने इस्पितळात परिचारिका म्हणून काढला होता. रुग्णांना उठवून चालवायची सवय अजून गेली नव्हती.

"भावोजी, तुम्ही बसून बसून खुर्चीसारखे दिसायला लागलात."

"माझे गुडघे..."

"गुडघे मी बघितलेत. चांगले आहेत. रडता ते तुम्ही. उद्या आपण ताईची नववी वाट चालायची."

"नववीच का?" भावोजींनी शब्दकोशाकडे बघत विचारलं.

"कारण ती मला माहीत आहे. बाकीच्यांना तुमचं पुस्तक लागतं, आणि पुस्तकाची अक्षरं मुंगीएवढी आहेत."

भावोजींनी आढेवेढे घेतले. आभाळ आलंय म्हणाले, बूट चावतो म्हणाले. धाकटीने अंडी उकडायला टाकली. सकाळी निघताना, का कोण जाणे, त्यांनी शब्दकोश उघडला आणि पत्र कोटाच्या आतल्या खिशात घातलं.

वाट तशीच होती आणि तशी नव्हतीही. पहिल्या गावातलं न्हाव्याचं दुकान बंद होतं, पण त्याच्या खिडकीत मांजर तेच असावं असं वाटण्याइतकं सारखं होतं. पाण्याच्या दरवाजांपाशी आता कोणी राहत नव्हतं. दरवाजांच्या फटींतून पाणी मात्र त्याच सुरात गळत होतं. कालव्यातून एक लांबोडकी होडी संथपणे गेली. होडीवरच्या माणसाने हात केला. भावोजींनी लाजत अर्धा हात वर केला, तोवर होडी पुढे गेली होती.

धाकटी पुढे चालत होती, पण ती वळत नव्हती. सरळ समोर बघून बोलायची, आणि वाऱ्यावर जे मागे येईल तेवढं भावोजींना ऐकू यायचं.

चर्च आलं. बुटकं, दगडी, एका बाजूला कललेलं. दारापाशी सर्दी झालेला संत होताच. चर्चच्या भिंतीला पाठ लावून तोच बाक. समोर सरळ जाणारी पायवाट, उजवीकडे आवाराची भिंत, डावीकडे पायवाटेला लागून कालवा, आणि थोडं पुढे तो लहानसा पूल. बाकावर वाकलेलं तुतीचं झाड मात्र बरंच वाढलं होतं. खाली जमीन जांभळी झाली होती.

धाकटी त्यांच्या उजव्या बाजूला बसली. तिने अंडं सोललं, मीठ लावून त्यांच्या हातात दिलं. भावोजींनी ते हातातच धरून ठेवलं. शेवटी त्यांनी समोर बघतच विचारलं, "इथून पुढे पाणी कोणत्या हाताला?"

"डाव्या. हे काय, समोर तर आहे. पूल ओलांडायचा नाही, ओलांडला की दलदल. ताईने मला दहादा बजावलं होतं."

म्हणजे पुस्तक चुकलं होतं. बसचालकाचं बरोबर होतं. भावोजींनी अंडं रुमालावर ठेवलं. ज्याची भीती होती ते असं उन्हात, तुतीखाली, सहज समोर येऊन बसलं होतं.

"डावीकडे बघा, भावोजी," धाकटी हळूच म्हणाली. "बगळा."

भावोजींनी उजवीकडे बघितलं.

"डावीकडे म्हटलं. उजवीकडे भिंत आहे. भिंतीत बगळा असतो का?"

भावोजींनी मान वळवली. बगळा पाण्यात एका पायावर उभा होता. पण ते बगळ्याकडे बघत नव्हते. त्यांचा हात कोटाच्या खिशाशी गेला होता.

"मी उजवीकडे का बघितलं?" त्यांनी विचारलं.

"ते मी कसं सांगू? कानात मळ असेल."

"नाही. थांब जरा." त्यांनी बाकावर हात ठेवला. "ताई बोलायची तेव्हा माझ्याकडे तोंड करून असायची. तिने डावं म्हटलं की मी उजवं लिहायचो. विचार न करता. पण त्या दिवशी ती दमली होती. त्या दिवशी ती इथे बसली होती, तू बसलीयस तिथेच."

"मग?"

"मग आम्हां दोघांची तोंडं एकाच बाजूला होती."

भावोजींनी पत्र काढून तिच्या हातात दिलं आणि तिला चष्मा सापडेपर्यंतच सगळं सांगून टाकलं: साखरेच्या डब्यातलं मीठ, रुमालाच्या घड्या, आणि इतकी वर्षं मनात घर करून बसलेलं ते, की तिची पहिली चूक इथेच झाली आणि आपल्याला दिसली नाही. एवढं ते एका दमात आयुष्यात बोलले नव्हते. बोलता बोलता त्यांना आणखी एक आठवलं. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर तुतीचा जांभळा डाग निघाला होता. तो कसा पडला ते कधी कळलंच नव्हतं. त्यांनी तर तुती खाल्ली नव्हती. ताईने खाल्ली होती. 'हे पाणी असंच ठेवायचं,' म्हणत तिने दाखवलं होतं. उजव्या बाजूला बसलेल्या तिचा हात त्यांच्या छातीवरून आडवा गेला होता. डावीकडे. पाण्याकडे.

त्यांची मान तेव्हा खाली, कागदात होती. बोटं तेवढी सदऱ्याला पुसली गेली.

धाकटीने पत्राची घडी घालून ते परत दिलं. मग म्हणाली, "मला एकदा विचारायचं होतंत."

"विचारलं असतं आणि तू 'डाव्या' म्हणाली असतीस तर?"

"तर बारा वर्षं आधी कळलं असतं, की चुकलात तुम्ही. ताई चुकली असती तर मला आनंदच झाला असता. सगळ्या जन्मात मला तिची एक चूक सापडली नाही." तिने डोळे पुसले आणि टरफलं कागदात गोळा केली. "उठा. त्या दिवशी अर्धीच चाललात ना? आज पुरी करायची."

मग पाणी डाव्या हाताला ठेवून ते दोघं चालले. पलीकडच्या काठावर बोरूची दाटी दिसत होती, आणि तिथे चिखलात अडकलेल्या बसचालकाला मनात आणून भावोजींना इतकं हसू आलं, की त्यांना थांबावं लागलं. वाटेच्या टोकाला बंद पडलेली पाणचक्की होती. ताईने सांगितलं होतं तशीच. चाकावर शेवाळं, आणि चाकाखाली घुमणारा पाण्याचा आवाज. भावोजी तिथे टोपी काढून उभे राहिले. धाकटीने घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून लिहायला बसले. तीन कागद फाडले. चौथ्यावर 'आपले पत्र' की 'आपलं पत्र' यावर अडले.

"छापायला देताय का?" स्वयंपाकघरातून धाकटी म्हणाली. "पत्र आहे ते. पाठवा."

"त्यांनी घर बदललं असेल. किंवा दोघांपैकी..."

"असेल. तुम्ही पाठवा."

शेवटी त्यांनी लिहिलं ते असं:

'आपल्या पत्राचं उत्तर द्यायला फार उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी. आपलं म्हणणं बरोबर आहे. पाणी डाव्या हाताला ठेवायचं, पूल ओलांडायचा नाही. मी काल स्वतः चालून बघितलं. ज्यांनी ही वाट मला सांगितली त्यांनी ती अगदी बरोबर सांगितली होती. लिहिताना चुकलो तो मी. एकट्याने. हे लिहिताना मला जो आनंद होतोय तो आपल्याला समजावून सांगता येणार नाही. आपल्या पत्नींना माझा नमस्कार सांगावा, आणि यापुढचा चहा त्यांनी करावा, ही विनंती. ता. क. चर्चच्या दारातल्या संताला सर्दी झालेली आहे. हे पुस्तकात घालायचं राहिलं.'

त्यांनी ते पुन्हा तपासलं नाही. पाकीट चिकटवलं, कोट चढवला आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. फटीत पाकीट अर्धं सरकवून ते क्षणभर थांबले, कोणी बघतंय का ते पाहिलं, आणि सोडून दिलं. आत दुसऱ्या पत्रांवर ते अलगद पडल्याचं ऐकू आलं.