वाढत्या अंगाची खाकी

काकूंच्या हातचा कपडा पहिल्या वर्षी कुणालाच धड बसायचा नाही, आणि त्याबद्दल कुणी ब्र काढला तर काकू उलट त्यालाच झापायच्या. शाळांचे गणवेश शिवायचं त्यांचं शिलाईघर, हाताखाली चार-पाच बायका आणि नियम एकच: पोर वाढत्या अंगाचं, तर कपडाही वाढत्या अंगाचा. पँटच्या पायाला आतून दोन बोटं दुमड जास्त ठेवायची. दर वर्षी थोडी उसवायची आणि पाय लांब करायचा. सगळी दुमड संपायच्या आत कपडा टाकून देणं काकूंच्या लेखी पापच होतं.

या नियमाचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे त्यांचा एकुलता एक लेक. पोरगा असा ताडमाड वाढला की घरीदारी सगळे त्याला ताडूच म्हणत. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी त्याला कटिंगच्या टेबलावर उभं करायचं, काकू तोंडात टाचण्या धरून त्याच्या पायाशी वाकायच्या, आणि तो रडकुंडीला येऊन म्हणायचा की यात माझ्यासारखे दोन मावतील. काकूंचं उत्तर ठरलेलं असायचं, पुढच्या वर्षी बरोबर होईल. पुढच्या वर्षी व्हायचंही बरोबर, पण तोवर रंग उडालेला असायचा. मापात बसणारा नवाकोरा कपडा त्या बिचाऱ्यानं जन्मात घातला नव्हता.

आता युद्धाचं म्हणाल, तर ते आपलं नव्हतंच. समुद्रापलीकडे दोन देश केव्हापासून एकमेकांच्या उरावर बसले होते. इकडे सगळ्यांचं म्हणणं एकच, त्यांचं ते बघून घेतील, आपण कशाला विकतचं दुखणं घ्या? काका, म्हणजे काकूंचे यजमान, बस चालवायचे. बसमधले लोक काय म्हणतात ते रोज जेवताना सांगायचे, आणि लोकांचं मत हटकून काकांच्या मताशी जुळायचं. आपण ना अध्यात ना मध्यात. युद्ध नको म्हणून मोर्चा निघाला तेव्हा त्याचा जाडजूड पांढरा फलक काकूंनीच शिवून दिला. एका बाजूची काठी ताडूच्या हातात होती, त्यामुळे अख्खा फलक तिरका होऊन त्याच्या बाजूला चढला होता. काकू किती दिवस ते सांगून हसायच्या.

मग तो रविवार उजाडला. आपल्या बंदरावर सकाळीसकाळी त्या दोघांपैकी एकाची विमानं आली आणि बॉम्ब टाकून गेली. ना इशारा, ना निरोप, ना भांडणाची कसली खबर. जहाजांवरची पोरं कुणी दाढी करत होती, कुणी अजून अंथरुणातच होती. रेडिओ दिवसभर तेच सांगत राहिला. काकांनी उचललेला घास तसाच ताटात परत ठेवला. संध्याकाळपर्यंत गल्ली बदलून गेली. माणसं तीच हो, पण काल जी 'आपल्याला काय त्याचं' म्हणत होती त्यांच्या तोंडी आता एकच शब्द होता, लढायचं. ज्याला कुणाशी भांडायचंच नव्हतं त्याच्या घरात शिरून झोपलेली लेकरं मारली, तर तो दुसरं करणार काय? काकूंनाही राग आला. इतका आला की त्यांना स्वतःचीच भीती वाटली. दुसऱ्या दिवशी भरतीच्या कचेरीपुढे रांग लागली. रांगेत निम्मी पोरं मोर्चातलीच होती, आणि त्यांत एक डोकं सगळ्यांच्या वर होतं.

ताडूनं घरी विचारलं नाही, नाव देऊन आल्यावर सांगितलं. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काकू म्हणाल्या, झालं ना तुझ्या मनासारखं, आणि त्यांनी जो अबोला धरला तो धरलाच. राग होता शत्रूवर, निघाला लेकावर. शत्रू काही हाताशी नव्हता.

शिलाईघरात शाळांचं काम थांबलं आणि खाकी कापडाचे गठ्ठे आले. धूळ बसू नये म्हणून त्यांच्यावर मोर्चाचा फलक पांघरला, कारण तेवढं मोठं कापड दुसरं नव्हतं. पहिला माल तयार झाला तेव्हा सैन्याचा तपासनीस आला, मवाळ बोलण्याचा, चष्मेवाला माणूस. त्यानं एका पँटचा पाय उलटा करून पाहिला. मग दुसरीचा, मग तिसरीचा. सगळ्यांत दोन बोटं दुमड जास्त. मुद्दाम कुणीच केलं नव्हतं. काकूंनी सवयीनं खडूची रेघ तिथं ओढली, बायकांनी सवयीनं तिथं दुमडलं. गिऱ्हाईक बदललंय हे हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"बाई, सैनिक वाढत नसतात," तो म्हणाला.

"परवापर्यंत हीच पोरं माझ्याकडे शाळेचे कपडे न्यायला येत होती," काकू म्हणाल्या.

तो चिडला नाही. चष्मा पुसत म्हणाला की तुमचं खोटं नाही, पण कापड अपुरं आहे, आणि थंडी तोंडावर आलीय. जास्तीचं वाचलं तर आणखी चार पोरांच्या अंगावर कपडा चढेल. सगळा माल उसवला. दुमडी कापून पट्ट्या काढल्या, त्यांचे कमरेचे पट्टे अडकवायचे लूप केले.

ताडूच्या उंचीचा तयार कपडा सैन्याकडे कुठून असणार? त्याच्यासाठी कापड वेगळं आलं आणि ते काकूंच्याच टेबलावर पडलं. त्यांनी माप घेतलं नाही. माप पाठ होतं, आणि घ्यायचं तर बोलावं लागलं असतं.

जायच्या आदल्या दुपारी तो कपडे घालून बघायला आला. काकाही ड्यूटी संपवून येऊन बसले होते. पडद्याआडून ताडू बाहेर आला आणि मशीन चालवणाऱ्या बायकांचे पाय थांबले. कॉलरपासून पायापर्यंत कुठं सुरकुती नाही, कुठं झोळ नाही. काका म्हणाले, पोरगं पहिल्यांदाच माणसात आलेलं दिसतंय. ताडूही हसला. मग तो वाकला, त्यानं पँटचा पाय उलटून आत पाहिलं, आणि त्याचं हसू गेलं.

"आई, दुमड नाही ठेवलीस?"

काकू दुसरीकडे बघत म्हणाल्या की नियम आहे तसा. शिवाय तुलाच जन्मभर मापातलं हवं होतं.

"आता नकोय." त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. "तू धरूनच चाललीस का, की मी आता वाढायचा नाही?"

काकू स्टुलावर बसल्या. कारण खरं तेच होतं. खडूची रेघ ओढताना तोच विचार मनात आला होता, आणि तो पुरता व्हायच्या आत त्यांनी कात्री चालवली होती. त्या रडायला लागल्या. तोंडाला पदर नाही की काही नाही, सगळ्यांदेखत, भरल्या शिलाईघरात. ताडू त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला तर काकांनी नवी इस्त्री मोडेल म्हणून त्याला दटावलं, आणि स्वतःच डोळे पुसले.

जरा वेळानं काकू उठल्या. कपाटातून शाळेच्या निळ्या कापडाचा तुकडा काढला, त्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या. सैन्याच्या कापडाला हात लावायचा नव्हता, पण हे कापड काकूंचं होतं. त्यावर कुठल्या तपासनिसाची सत्ता चालणार?

"अगं, ही उसवलीस की माझा पाय खाली निळा दिसेल," ताडू म्हणाला.

"दिसू दे. तोवर तू घरी असशील."

मग तो आपण होऊन टेबलावर चढला. वर टांगलेला दिवा त्याच्या डोक्याला लागून हलायला लागला, तसा त्यानं तो हातानं धरून ठेवला. काकूंनी टाचण्या तोंडात धरल्या आणि त्या त्याच्या पायाशी वाकल्या. निळी पट्टी आतून लावून, टाचून, हातशिलाईचा पहिला टाका घातला. वरून रडवेला आवाज आला, अगदी तसाच, ओठ काढून.

"आई, यात माझ्यासारखे दोन मावतील."

काकूंनी एकेक करून तोंडातल्या सगळ्या टाचण्या काढल्या, कारण हे नीट सांगायचं होतं.

"पुढच्या वर्षी बरोबर होईल," त्या म्हणाल्या.