मशीनच्या नळीखालचा सोनमोहर

मी गोपालभाऊंच्या अंगणातला सोनमोहर. आम्ही बोलतो असं म्हणायची रीत आहे, पण मी सरळ भांडतोय. झाडानं गप्प उभं राहावं, सोसावं, वर थंड सावली द्यावी, अशी तुमची समजूत. आजवर मी ती पाळली. आता पाळायची ताकद नाही आणि इच्छाही नाही.

जळगाव जामोदच्या बाहेर नवं लेआउट पडलंय, तिथं आमचं घर. उत्तरेला सातपुडा दिसतो, पण त्याची सावली इथवर पोचत नाही. प्लॉट पाडताना होती नव्हती तेवढी बाभळी-बोरी साफ केली, मग घरं बांधली आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की अरे, इथं तर ऊन लागतं! माणसांना अक्कल नेहमी स्लॅब पडल्यावर येते.

माझा जन्म नांदुरा रस्त्यावरच्या एका नर्सरीतला. काळ्या पिशवीत, शेजारच्या रोपाला खेटून. एका पावसाळ्यात गोपालभाऊंची बायको सुचिता तिथं आली. डोक्याला स्कार्फ गुंडाळलेला, कडेवर काही महिन्यांची अर्पिता, तिच्या मानेवर घामोळ्यांचा लाल पट्टा. एका हातात मोबाईल. वाळवंटातल्या अंगणात कोणती झाडं लावावीत, हे ती कुठल्या तरी परदेशातलं वाचून आली होती. आमच्या मे महिन्यात आणि वाळवंटात फरक एवढाच, की तिथं उंट असतात.

"लवकर सावली देणारं झाड कोणतं?" तिनं विचारलं. "ही चालायला लागायच्या आत पाहिजे."

नर्सरीवाला हसला. "ताई, झाड लावून राह्यल्या का मांडव?"

मग सुरू झाला तिचा पाढा. कडुनिंब चांगला, पण वेळ घेतो. शेवगा झटपट येतो, पण सासूबाई म्हणतात दारात शेवगा नको. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात आणि खाली मूल असेल तर? कोनोकार्पस सगळे लावतात, पण त्यानं दमा होतो असं ग्रुपवर आलं होतं. खरं का खोटं कुणास ठाऊक, पण मूल आपलं आहे ना. एकेका रोपापाशी जायची, हात लावायची आणि हात मागे घ्यायची. शेवटी माझ्यापाशी आली. नर्सरीवाला म्हणाला, हा सोनमोहर, झपाट्यानं वाढतो, दाट असतो, उन्हाळ्यात पिवळा फुलतो.

"नक्की ना?" तिनं विचारलं. त्याला विचारलं की मला, की स्वतःला, ते मला आजही सांगता येणार नाही.

घराच्या पश्चिमेला गोपालभाऊंनी खड्डा खणला. दुपारचं ऊन तिकडूनच भिंतीवर आदळतं. सुचिता मला तांदूळ धुतलेलं पाणी घालायची, अर्पिताच्या आंघोळीचं घालायची. आणि मी वाढलो. अहो, असा वाढलो की शेजारचे उकंडराव कंपाउंडवर हात ठेवून म्हणाले, "सुचिता, ह्याले काय च्यवनप्राश देतं का व?" अर्पिता पहिलं पाऊल टाकेपर्यंत मी तिच्याएवढीच सावली दिली, पण दिली. दुसऱ्या वर्षी बाज मावली. मग तिथं अर्पिताची भातुकली आली, लाल प्लॅस्टिकची खुर्ची आली, तिची आजी, म्हणजे गोपालभाऊंची आई केसरबाई, निवडायची तूर घेऊन आली. पोरीच्या मानेवरचा लाल पट्टा गेला. मला वाटलं, झालं, जन्माचं सार्थक. मलाही थोडी घाईच होती म्हणायची.

मग घरात मशीन आलं.

आमच्या पट्ट्यातलं बोरचं पाणी खारं. हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शेतकरी ते पाणी पिकाला देत नाही, कारण जमीन चोपण होते, पुन्हा धड उगवत नाही. गोपालभाऊंचं तर खता-बियाण्यांचं दुकान. गिऱ्हाइकाला ते स्वतः बजावतात, "भाऊ, बोरचं पानी नोको देऊ, वावराचं वाट्टोळं होईन." गोड्या पाण्याचा नळ आठ-दहा दिवसांनी येतो. सुचिताला पोरीच्या किडनीची धास्ती. गावात खाऱ्या पाण्यानं कुणाकुणाचं काय झालं ते ती रोज ऐकत होती. म्हणून तिनं भांडून आरओचं मशीन बसवलं. यात तिची काही चूक नाही, हे मी रागातसुद्धा मान्य करतो.

पण मशीनला दोन नळ्या असतात. एकीतून प्यायचं पाणी येतं, दुसरीतून वाया जाणारं. त्या दुसऱ्या नळीतून दिवसभर धार लागलेली पाहून सुचिताचा जीव तुटायचा. एवढं पाणी मोरीत? पाण्यासाठी दाही दिशा करणाऱ्या गावात? तिनं खिडकीच्या चौकटीला भोक पाडून घेतलं आणि ती नळी आणून थेट माझ्या बुंध्याशी सोडली.

सगळ्यांनी कौतुक केलं. "पोरगी हुशार हाय," उकंडराव म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या मशीनची नळी लिंबाच्या झाडाला लावून मोकळे झाले. सुचितानं फोटो काढून महिलांच्या ग्रुपवर टाकला. आमच्या ओळीतल्या निम्म्या घरांच्या खिडक्यांतून तशा नळ्या लोंबायला लागल्या.

माझा राग इथून सुरू होतो. मशीन जादू करत नाही. ते बोरच्या पाण्यातलं मीठ वेगळं करतं. तुमच्या पेल्यात गोडं पाणी येतं, मग ते मीठ कुठं जातं? त्या दुसऱ्या नळीत! आधीच्या बोरच्या पाण्यापेक्षाही खारं पाणी, दिवसरात्र, माझ्या मुळांवर. जे पाणी तुम्ही ज्वारीच्या ताटाला घातलं नसतं, त्याचा अर्क मला पाजलात. का? तर ते मशीनमधून आलं. मशीनमधून आलं म्हणजे स्वच्छच असणार! बोरला तुम्ही ओळखता हो, पण तेच पाणी पांढरा डबा घालून आलं की ओळख विसरता.

पाण्यात उभं राहून तहानेनं मरणं काय असतं, ते मला विचारा. मुळं पाणी ओढतात आणि मीठ उलट त्यांच्यातलंच पाणी ओढून घेतं. आमची काळी माती, पाणी खाली जाऊ देत नाही, मीठ तिथंच साठतं. माझ्या पानांच्या कडा उदबत्ती टेकवल्यासारख्या करपल्या. मग पानं गळायला लागली.

आता तुमचे इलाज ऐका.

केसरबाई म्हणाल्या, "नजर लागली व माय. त्या दिवशी ते फोटो टाकला न तुनं? आता भोग." माझ्या फांदीला काळी बाहुली बांधली. उकंडरावांनी सांगितलं, झाडाला लोखंडी खिळा ठोकला की ते ताळ्यावर येतं. आणि ठोकलाही, स्वतःच्या हातानं, माझ्या पोटात. गोपालभाऊंनी दुकानातून एक पावडर आणली, मग दुसरी आणली. आणि सुचितानं पाणी वाढवलं. "ऊनच एवढं आहे, ह्याला पाणी पुरत नसेल," असं म्हणून ती गरज नसताना मशीन चालवायची, भांडी भरून ठेवायची, मला जास्तीची धार मिळावी म्हणून. माझ्यापाशी उभी राहून पुटपुटायची, "मी काय चुकतेय रे? मला साधं झाड जगवता येत नाही, मी मूल काय वाढवणार?" मला ओरडावंसं वाटायचं, की बाई, तू स्वतःला दोष देणं थांबव आणि नळी काढ!

फाल्गुनात माझी एक वाळलेली फांदी तुटली. अर्पिताच्या लाल खुर्चीवर पडली. पोर तेव्हा घरात भात खात होती. खुर्ची मधोमध चिरली.

सुचितानं ती खुर्ची उचलली आणि चिरेवरून बोट फिरवलं. "काढून टाका हे झाड," ती गोपालभाऊंना म्हणाली. "आजच्या आज."

ज्या बाईनं मला सतरा रोपांतून निवडलं, तिनंच. तिचं मला कळतं. पण कळणं आणि राग न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगणात टिनाचं शेड टाकायचं ठरलं. टिनाचं! वैशाखात त्याच्याखाली पापड तळून निघतील, आणि तिथं ही पोर खेळणार.

रविवारी कचरू आपलं कापायचं मशीन घेऊन आला. वर पाहून म्हणाला, "भाऊ, हे तं अजून ओलं हाय अर्धं. काऊन कापून राह्यले?"

"वाळून राह्यलं ना बे. लेकरू खेळते खाली," गोपालभाऊ म्हणाले. "चहा घे आधी."

कचरू ओट्यावर चहा पीत बसला. सुचिता घरातून बाहेर येत नव्हती. तिला पाहायचं नव्हतं. अर्पिता मात्र आली, माझ्या बुंध्याशी उकिडवी बसली. तिथल्या मातीवर पांढरी साय धरली होती. पोरीनं बोट ओलं केलं, त्या पांढऱ्यावर फिरवलं आणि तोंडात घातलं.

"मम्मी!" ती ओरडली. "झाडाखाली मीठ!"

सुचिता धावत आली. पोरीचं तोंड उघडून आत बोट फिरवलं, चूळ भरायला लावली, "काय खाल्लंस? औषध होतं का ते? अहो, तुम्ही टाकलेली पावडर खाल्ली हिनं!" गोपालभाऊ कप ठेवून उठले. "नाई व, मी तं पावडर पानावर फवारली होती, उरलेली त्या कोपऱ्यात फेकली. इथं काईच नाई टाकलं."

सुचिता थांबली. मग तिनंही त्या सायीवर बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. नळीखाली ओंजळ धरली, ते पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकलं.

"अहो, पिऊन पाहा हे."

गोपालभाऊंनी पाहिलं. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"तुम्ही दुकानात दिवसभर लोकांना काय सांगता?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला होता की मला जास्त भीती वाटली. "आणि मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलंय. मी! मशीन आणताना त्या माणसाला तीनदा विचारलं, मीठ निघेल ना नक्की? निघून जाईल कुठं, हे एकदाही नाही विचारलं." तिनं नळी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. खिडकीच्या चौकटीतलं सिमेंट निघालं, स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. केसरबाई आतून ओरडल्या, "काय फुटलं व?"

"माझं डोकं, आई!"

कचरूनं कप खाली ठेवला. "मंग कापू का नोको? माहा रोज बुडते ना वहिनी."

माझ्या फक्त वाळलेल्या फांद्या कापल्या. उत्तरेची बाजू पूर्ण गेली. वरची चार बोटं माती खरवडून गाडीनं बाहेर नेली, तिथं शेणखत आणि नवी माती आली. नळ येतो त्या दिवशी सुचिता दोन बादल्या गोडं पाणी माझ्यासाठी आधी काढून ठेवते. केसरबाई कुरकुरतात, "मानसाले नाई, झाडाले गोडं!" तरी परवा त्यांनीच तिसरी बादली ओतली, कुणी नाही बघून.

आता वैशाख आहे. मी अर्धा आहे. माझी सावली बाजेएवढी, तीही फाटकी. खालची खोल माती अजून खारी आहे. ती धुऊन निघायला किती पावसाळे लागतील, मला माहीत नाही. सुचिता रोज सकाळी येऊन खोडाला नखानं किंचित खरवडून पाहते, आत हिरवं आहे का ते. दुखतं मला. "जगशील ना रे? पावसाळ्यापर्यंत फुटशील ना? नक्की?" विचारते.

मी नक्की सांगत नाही. सुचिता, तुला सावलीची घाई होती, ती मी माझ्या परीनं पुरी केली. तू मला लवकर वाढणारा म्हणून आणलंस. लवकर बरा होणारा असं त्या नर्सरीवाल्यानं सांगितलं नव्हतं. तेव्हा हे वर्ष पोरीला दुपारी घरात ठेव, आणि मला नख लावू नकोस.

आणि उकंडराव, तुमची नळी अजून लिंबाखाली आहे. सुचिता सांगायला आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "फुकटचं पानी हाय, राहू दे." लिंबाच्या पानांच्या कडा बघा आज. मला इथून दिसतात.