ढोल्याचे मुसके

मित्रांनो, मी चामड्याचे एक जुने मुसके आहे. माझे नाव ऐकताच तुम्ही तोंड वाकडे केलेत, हे मी जाणते. कुत्र्याच्या गळ्यातील पट्ट्याला लोक हौसेने घुंगरू लावतात, साखळी घासूनपुसून लखलखीत ठेवतात. मुसक्याचे कौतुक मात्र आजवर कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तरीही माझी हकिगत ऐकावी, अशी नम्र विनंती आहे.

माझा जन्म चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्या एका वृद्ध कारागिराच्या हातून झाला. ज्याच्यासाठी मला घडवायचे होते, तो ढोल्या नावाचा थोराड तांबूस कुत्रा दुकानाच्या पायरीवर बसला होता. कारागीर हातात मापाचा दोरा धरून नुसतेच बसून राहिले. ढोल्याचे मालक चुळबुळ करू लागले.

"माप घेताय ना?"

"त्याला जांभई तर येऊ द्या. मिटल्या तोंडाचं माप घेतलं तर बिचारा धापा कशा टाकणार? पाणी कसं पिणार?"

अखेरीस ढोल्याने अक्राळविक्राळ जांभई दिली आणि माझे माप निश्चित झाले. त्यामुळे मी ऐसपैस जाळीचे झाले. माझ्यातून ढोल्याला जीभ बाहेर काढता येई, पाणी पिता येई. केवळ चावता येत नसे.

त्याचे मालक चाव्या बनवून देण्याचा व्यवसाय करीत. सारी गल्ली त्यांना चावीकाका म्हणे. त्यांची पत्नी निवर्तली होती आणि एकुलती एक कन्या लग्न होऊन दूरदेशी गेली होती. दुकानामागच्या खोलीत काका आणि ढोल्या, एवढाच संसार. जेवताना काका त्याच्याशी बोलत. "आज भाजी खारट झाली रे. तुझी काकू असती तर मला पानावरून उठवलं असतं." ढोल्या शेपूट आपटून दुजोरा देई. त्या घरात याहून अधिक संभाषण होत नसे.

ढोल्या स्वभावाने दुष्ट नव्हता. परंतु मोठा आवाज झाला की त्याचे भान सुटे. अशाच एका प्रसंगी त्याने दूधवाल्याची पोटरी धरली, आणि नगरपालिकेचे निरीक्षक दुकानात येऊन उभे राहिले.

"काका, लस टोचल्याचा बिल्ला आणि हातात साखळी, हा नियम सगळ्यांनाच आहे. तुमच्या कुत्र्याला आता उंबऱ्याबाहेर मुसकंही लागेल. पुन्हा कुणाला चावला, तर मला त्याला न्यावं लागेल. मग रदबदली चालणार नाही."

"साहेब, त्याच्याशिवाय मला आहे कोण?"

"म्हणूनच आधी सांगतोय."

अशा रीतीने मी त्या घरी आले. आरंभी काका मला न चुकता बांधीत. परंतु रस्त्यातून जाताना लोकांच्या जिभा गप्प बसत नसत. समोरच्या घरात कपडे शिवून देणाऱ्या एक मावशी राहत. त्यांचा ढोल्यावर फार जीव.

"काय हो काका, मुक्या जिवाचं तोंड बांधून फिरवता? तुमचं बांधलं म्हणजे कळेल."

"माझं बांधलंत तर गिऱ्हाइकं पेढे वाटतील, मावशी."

काका हसले खरे, पण तो बाण त्यांच्या काळजात रुतून बसला. मी म्हणजे ढोल्याला दिलेली शिक्षा, असे त्यांना वाटू लागले. हळूहळू ते मला मनगटात अडकवून चालू लागले. दूरवर निरीक्षकांची टोपी दिसली की घाईघाईने माझा बंद आवळायचा. टोपी वळणाआड गेली की लगेच सोडायचा. मीही होते, नियमही होता, परंतु आम्ही दोघेही मनगटावर लटकत होतो. उन्हाने माझे चामडे कडक झाले. मला तेल लावण्याचे कोणाच्या मनातही येईना.

एके दिवशी संध्याकाळी मावशींनी ढोल्यापुढे बिस्कीट धरले. तोच मागून जाणाऱ्या हातगाडीवरचे पत्रे धडाधड रस्त्यावर कोसळले. ढोल्या दचकला आणि त्याच क्षणी मावशींचा उजवा हात त्याच्या दातांत सापडला. ज्या बोटांनी त्या सुईत दोरा ओवीत, तीच बोटे. मी तेथेच, काकांच्या मनगटावर, वीतभर अंतरावर होते.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक आले. मावशी हाताला बांधलेल्या पट्टीसह धावत आल्या.

"साहेब, दोष माझा. काढा ते, काढा ते, असा मीच धोशा लावला होता."

"तुम्ही म्हणालात, मावशी. पण काढलं कोणी?"

काका म्हणाले, "मी काढलं." आणि ढोल्याची साखळी स्वतःच्या हाती धरून ते नगरपालिकेच्या गाडीपर्यंत चालत गेले.

आता ढोल्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, नगरपालिकेच्या आवारात, गजांमागे राहतो. दोनदा चावलेला कुत्रा घरी परत देत नाहीत. आठवड्यातून एकदा काकांना भेटीची परवानगी आहे, पण त्यालाही अट आहे. "मुसकं बांधाल तरच बाहेर सोडीन," असे तेथील रखवालदाराने पहिल्याच दिवशी बजावले. त्या दिवशी काकांनी माझा बंद ढोल्याच्या कानांमागून घेतला, बोट सरकवून कोठे आवळत तर नाही ना, हे पाहिले, आणि कितीतरी वेळ त्यांचा हात तेथेच राहिला. ढोल्याने मान झटकली नाही. त्याने माझ्यासकट डोके काकांच्या मांडीवर टेकले.

मित्रांनो, मला बांधणे म्हणजे माया कमी असणे नव्हे. कुत्र्याला नियम वाचता येत नाही. तो त्याच्या धन्याने वाचायचा आणि कोणी पाहत नसतानाही पाळायचा असतो. तुमच्या घरी असा एखादा जीव असेल, तर लोक काय म्हणतील याची भीड बाळगू नका.

भेट संपली की काका मला हातात धरून बसने परततात. ढोल्याच्या श्वासाने मी आतून ओले झालेले असते. काका मला उन्हात वाळवत नाहीत. खाटेच्या कडेला, सावलीत ठेवतात. ती ओल असेपर्यंत त्या खोलीत आम्ही तिघे असतो. मग ती वाळते.