उभं राहिल्यावरचे ठोके

खराडीच्या रणजितला कोविड झाला तेव्हा दवाखान्यात भरती करायचीही वेळ आली नव्हती. आठवडाभर ताप, थोडा खोकला, इतकंच. त्याच्यापेक्षा त्याची आई, बायडाबाई, जास्त आजारी होती. ती ठणठणीत झाली. रणजित मात्र झाला नाही. गावाच्या कबड्डी संघाचा हुकमी चढाईपटू आता दात घासतानाही बेसिनला धरून उभा राहायचा. उभं राहिलं की छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आडवं झालं की सगळं शांत. दोन-तीन डॉक्टर झाले. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, रक्त नॉर्मल. एकाने झोपेच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने मुलाचं लग्न करून टाका असं सुचवलं.

वडील रंगराव यांची शेती आयटी पार्कखाली गेली होती. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या आणि तिथली मोटार, टाकी, नळ सगळं ते स्वतः बघत. भरदुपारी पलंगावर लोळणारं तरणंताठं पोरगं दिसलं की त्यांचा पारा चढायचा. रिपोर्ट चांगले आहेत म्हणजे हा कामचुकारपणा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

म्हणूनच मेडिकल कॉलेजात कोविडनंतर असा त्रास होणाऱ्यांवर संशोधन चालू आहे असं कळल्यावर ते स्वतःच त्याला घेऊन आले. एकदाचा निकाल लागू दे, असा त्यांचा विचार होता.

संशोधन करत होती पूर्वा, अकोल्याहून पुण्यात पीएचडीसाठी आलेली मुलगी. कोविडनंतर काही लोकांचे ठोके उभं राहताच का वाढतात, हा तिचा विषय. आतापर्यंत आलेल्यांपैकी बहुतेकांना आधीपासूनच साखर, ब्लडप्रेशर, थायरॉईड असं काहीतरी होतं. त्यामुळे कशाचा दोष कोविडला द्यायचा तेच ठरत नव्हतं. रणजितची माहिती ऐकतानाच ती खुर्चीत पुढे सरकली. तरुण, खेळाडू, आधी काहीही नाही.

तिने रणजितला झोपवून यंत्र लावलं. ठोके पंचाहत्तरच्या आसपास. मग उभं राहायला सांगायची वेळ आली तेव्हा रंगराव म्हणाले, "माझं बी लावा. उभं ऱ्हायलं की कुणाचं बी जरा धडधडतंच."

पूर्वाने क्षणभर विचार केला आणि दुसरं यंत्र काढलं. रंगरावांनाही शेजारच्या खाटेवर विश्रांती दिली. मग बापलेक भिंतीजवळ शेजारी शेजारी उभे राहिले आणि समोर दोन पडद्यांवर दोघांचे आकडे दिसू लागले. रंगरावांचा आकडा थोडा वर गेला आणि तिथेच थांबला. रणजितचा शंभरावर गेला, एकशे वीस, मग एकशे तीस. ब्लडप्रेशर जागच्या जागी, हृदय मात्र पळत सुटलेलं. त्याचे पाय जांभळट पडत चालले होते. पूर्वाच्या स्वतःच्या छातीत धडधडायला लागलं. हेच ती शोधत होती, इतकं स्वच्छ तिने अजून पाहिलं नव्हतं.

रंगराव पडद्याकडे बघत होते, मग मुलाच्या कपाळावरच्या घामाकडे.

"त्याला बसवा," ते हळूच म्हणाले.

पूर्वा धावतच तिच्या मार्गदर्शक डॉ. शर्मिला यांना घेऊन आली. त्यांनी आलेख पाहिला, जुने रिपोर्ट चाळले आणि विचारलं, "हे सगळे ईसीजी आडवं झोपवून काढलेत?"

"हो मॅडम."

"तक्रार उभं राहिल्यावर होते आणि तपासणी झोपवून. उत्तम."

मग पूर्वाने समजावून सांगितलं. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. आपल्या नकळत काम करणारे मज्जातंतू तेव्हा रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त वर टिकवतात. कोविडनंतर काहींच्या या मज्जातंतूंचं काम बिघडतं आणि ती कसर भरून काढायला हृदय धावत सुटतं.

"म्हंजे पाणी वर चढंना म्हणून मोटार जोरात पळतीया," रंगराव म्हणाले. "आन मी मोटारीलाच शिव्या देत हुतो."

 दीड वर्षात पहिल्यांदाच कुणीतरी रणजितचा आजार खरा मानला होता, आणि घरी जाताना गाडीत तोच सारखा बोलत होता.

तुलनेसाठी पूर्वाला त्याच वयाचे निरोगी तरुण हवे होते. पुढच्या रविवारी रंगरावांनी अख्खा कबड्डी संघच कॉलेजात आणून उभा केला. थट्टामस्करी करत एकेक जण यंत्राला लागला. आकडे ठरल्यासारखे येत होते. मग साईनाथची पाळी आली आणि त्याचा आकडा चढतच गेला. 

साईनाथ खाली बसला. कोविड त्यालाही होऊन गेला होता आणि गुडघा दुखतो असं सांगून तो गेले कित्येक महिने सराव टाळत होता. "रणज्याला सगळे काय बोलत होते ते ऐकत होतो," तो म्हणाला. "म्हणून बोललोच नाही."

पूर्वाला त्या रात्री झोप लागली नाही. एकाच संघात दोघे, आणि दुसरा तर निरोगी म्हणून आलेला. असे न बोललेले किती असतील? तिने प्रश्नावली बदलली, खराडीपासून हिंजवडीपर्यंत शिबिरं घ्यायची परवानगी मागितली आणि एरवी दहा शंका काढणाऱ्या शर्मिला मॅडमनी लगेच सही केली.

दोघांचे उपचार सुरू झाले. भरपूर पाणी, सांगितलेलं मीठ, घट्ट लांब मोजे, ठोके आवरणारी गोळी आणि सोसेल तेवढाच, पाठीवर झोपून करायचा व्यायाम. तो दोघे रंगरावांच्या गच्चीवर एकत्र करत.

सहा महिन्यांनी फेरतपासणी झाली. गोळीशिवायचे ठोके कळावेत म्हणून आधी काही दिवस ती थांबवली होती. साईनाथचा आकडा थोडाच उतरला होता. मग रणजित उभा राहिला. नव्वद. पंच्याण्णव.  आकडा पुढे सरकलाच नाही.

"पुन्हा करा," शर्मिला मॅडम म्हणाल्या. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

पूर्वाने साईनाथचा हात घट्ट दाबला. तो तिच्यापेक्षा मोठ्याने हसत होता. पुढच्या वेळी माझा नंबर, म्हणाला. तपासणी संपली होती, पण रणजित भिंतीजवळून हलला नव्हता.

"अजून थोडा वेळ उभा राहू का?" त्याने विचारलं.

"राहा की," शर्मिला मॅडम म्हणाल्या. "खुर्ची कुठे पळून जात नाही."